बॅक बे पाण्यात, बॅकबे जमिनीवर

महाराष्ट्राच्या विधान भवनाचा पत्ता ‘बॅकबे रेक्लमेशन, मुंबई’ असा लिहिला जातो. पत्त्यात उपसागर आहे, पण इमारतीच्या चहूबाजूंना रस्ते, गाड्या आणि सरकारी कचेऱ्या. उपसागर बघायचा तर तिथून पश्चिमेकडे चालत मरीन ड्राइव्हवर जावं लागतं. कठड्यापलीकडे मलबार हिलच्या टोकापासून कुलाब्याच्या टोकापर्यंत जे अरबी समुद्राचं पाणी पसरलेलं दिसतं, तो बॅक बे. पत्त्यातला बॅकबे म्हणजे त्याच पाण्यात भराव टाकून केलेली जमीन. या लेखापुरती मी एक सोय करतो: पाण्याला ‘बॅक बे’ म्हणतो आणि जमिनीला ‘बॅकबे’. व्यवहारात मात्र कुणी अशी जागा सोडून लिहीत नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

बंगालच्या उपसागराबाबत आपला असा घोळ कधी होत नाही. पुरी, विशाखापट्टणम, चेन्नई ही सगळी शहरं त्याच उपसागरावर आहेत, पण चेन्नईच्या मरीना बीचवर उभ्या असलेल्या माणसाला आपण बंगालात आहोत असं वाटत नाही. उपसागर मोठा असला की पाणी आणि मुलूख आपोआप वेगळे राहतात. लहान उपसागराच्या काठाला वस्ती वाढते, पाण्याचं नाव वस्तीला चिकटतं, स्टेशनला लागतं, बसच्या पाटीवर चढतं, आणि दोन-तीन पिढ्यांत ते मुळात कशाचं नाव होतं हे विसरलं जातं. काही ठिकाणी तर पाणीच उरत नाही, नुसतं नाव उरतं.

आधी पाण्याचं बघू. किनारा आत वळतो, दोन्ही बाजूंना जमिनीची टोकं पुढे आलेली असतात आणि मधे पाणी शिरलेलं असतं, तो उपसागर. मुंबईत हे स्पष्ट दिसतं. शहराखाली काळ्या पाषाणाचे दोन कणे आहेत. पश्चिमेचा मलबार हिलकडून वरळीकडे जातो, पूर्वेचा कुलाब्याकडून वर शिवडीकडे. या दोन कण्यांच्या मधला भाग सखल आहे, आणि तो दक्षिणेला जिथे समुद्रात उतरतो तिथे बॅक बे झाला. इंग्रजांचा किल्ला, गोदी आणि जहाजांचं बंदर पूर्व किनाऱ्यावर होतं. शहराचं तोंड तिकडे, म्हणून पश्चिमेचं हे पाणी त्यांच्या लेखी पाठीमागचं.

प्रत्येक वळणाला उपसागर म्हणायचं का, याला कायद्यातही उत्तर आहे. १९८२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात त्यासाठी एक कसोटी दिलेली आहे, आणि ती कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करून बघता येते. किनारा जिथे आत वळायला लागतो तिथल्या दोन टोकांमध्ये एक सरळ रेघ ओढायची. त्या रेघेला व्यास धरून एक अर्धवर्तुळ काढायचं. आता रेघेच्या आत असलेल्या पाण्याचं क्षेत्रफळ त्या अर्धवर्तुळाइतकं किंवा जास्त भरलं तर तो कायद्यानं उपसागर. कमी भरलं तर ती किनाऱ्याची नुसती वळणदार रेषा. तोंडाशी बेटं असतील तर त्यांच्यामधल्या वेगवेगळ्या मुखांच्या लांबीची बेरीज करून व्यास धरतात. उपसागर एकाच देशाच्या किनाऱ्यानं वेढलेला असेल आणि मुखाची रुंदी २४ सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरपेक्षा जास्त नसेल, तर आतलं सगळं पाणी त्या देशाचं अंतर्गत पाणी ठरतं. जुन्या काळापासून वहिवाटीत असलेल्या ‘ऐतिहासिक’ उपसागरांना या कसोटीतून सूट आहे.

या कसोटीत वस्तीचा उल्लेखही नाही. काठावर किती लोक राहतात, त्या भागाला काय म्हणतात, तिथे कोणती नगरपालिका आहे, यानं उपसागर ठरत नाही. वस्तीच्या भागाचं नेमकं उलट असतं. तो माणसं ठरवतात: टपाल खातं पिनकोड देतं, पालिका विभाग पाडते, निवडणूक आयोग मतदारसंघ आखतो. पाण्याची कड दिवसातून दोनदा पुढे येते आणि दोनदा मागे जाते. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर चढते. प्रभागाची हद्द कागदावर असते आणि पुढच्या फेररचनेपर्यंत जागची हलत नाही.

बॅक बेचं नाव जमिनीवर कसं चढलं ती हकिगत मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशावर ज्या कंपन्या निघाल्या त्यांतली सगळ्यांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. बॅक बेच्या काठानं भराव घालून जमीन करायची आणि ती विकायची, असा तिचा बेत. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातल्या सट्ट्यातलं सगळ्यांत मोठं नाव, आणि या कंपनीमागेही तेच होते. जमीन अजून पाण्याखालीच होती आणि शेअरचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढले होते. ‘बॅक बे’ हा शब्द पहिल्यांदा पाण्यापासून सुटला तो इथे. बाजारात बॅक बे घेतला, बॅक बे विकला असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र नव्हता, कागद होता. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि जुलैत मुंबईचा बाजार बसला. कंपनी बुडाली. तिनं भरलेली पट्टी पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेच्या, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या, उपयोगी पडली. तिच्यावरून गाड्या चर्चगेटच्याही पुढे पार कुलाब्यापर्यंत जात. ते कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं.

दुसरा प्रयत्न सरकारनं केला. जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० च्या सुमारास बॅक बेचा मोठाच तुकडा भरायची योजना निघाली. बेत ११४५ एकरांचा होता आणि त्याचे आठ ब्लॉक पाडले होते. समुद्रात भिंत घालायची, बंदरातला गाळ यंत्रानं उपसून नळांतून भिंतीच्या आत सोडायचा, असं कामाचं स्वरूप. पण गाळ अंदाजाइतका उपसला जाईना, आणि आत सोडलेलाही भिंतीतून बाहेर झिरपून जाई. खर्च मात्र वाढत गेला. तेव्हा खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण वकिलानं या कारभारावर उघड आरोप केले. हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. १९२६ साली चौकशी समिती बसली आणि शेवटी आठांपैकी चारच ब्लॉक पुरे करायचे ठरलं: १, २, ७ आणि ८. मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेटकडची आर्ट डेको इमारतींची जी रांग २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, तिचा समुद्राकडचा भाग याच भरावावर उभा आहे. कुलाब्याकडची जमीन लष्कराकडे गेली. मधले ३ ते ६ हे ब्लॉक पाण्यातच राहिले.

स्वातंत्र्यानंतर तेही भरायला सुरुवात झाली. ३ नंबरच्या ब्लॉकवर १९६० आणि ७० च्या दशकांत उंच इमारती उठल्या, आणि त्या भागाचं नाव पडलं नरिमन पॉइंट. भरावातला गैरकारभार उघड करणाऱ्या माणसाचं नाव भरावालाच मिळालं. दक्षिणेकडे कफ परेडचे जुने बंगले एकेकाळी थेट समुद्राकडे तोंड करून होते. पुढे नवी जमीन आली, तिच्यावर टॉवर आले आणि समुद्र त्या बंगल्यांच्या नजरेआड गेला. नव्या जमिनीलाही लोक कफ परेडच म्हणू लागले.

म्हणजे एकाच भरावाला आज किती नावं आहेत बघा. बोलताना लोक चर्चगेट म्हणतात, नरिमन पॉइंट म्हणतात, कफ परेड म्हणतात. ‘बॅकबे’ शिल्लक आहे ते कागदोपत्री, भूखंडांच्या नोंदींत आणि बेस्टच्या ‘बॅकबे आगार’ या पाटीवर. त्या पाटीची बस पकडून चौपाटीवर उतरू म्हणणारा नवखा माणूस कफ परेडला जाऊन पोचतो. गिरगाव चौपाटी हा बॅक बेचा माथा, पाण्याचा सगळ्यांत आतला भाग; पण तिला बॅकबे कुणी म्हणत नाही, कारण ते नाव दक्षिणेकडच्या भरावावर जाऊन बसलं.

इथे पाण्याचं नाव जमिनीला मिळालं. उलटंही होतं, आणि पाणी व वस्ती वेगळी ओळखायची तर आधी नाव कुठून कुठे गेलं ते बघावं. माहीम घ्या. माहीम हे मुळात मुंबईच्या सात बेटांपैकी एक. गाव आधीचं, किल्ला त्याचा, आणि त्याच्यासमोरचा उपसागर म्हणून माहीमचा उपसागर. मिठी नदी माहीमच्या खाडीतून याच उपसागरात येते. पण उपसागराची व्याप्ती माहीमपुरती नाही. उत्तरेचं टोक वांद्र्याचं, दक्षिणेचं वरळीचं, आणि २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू हाच उपसागर ओलांडतो. त्या पुलावरून जाणारा माणूस माहीमच्या उपसागरावरून जातो, पण माहीमला पाय लावत नाही. ‘माहीमच्या उपसागरात तेलाचा तवंग’ अशी बातमी आली तर ती वांद्रे आणि वरळीच्या लोकांचीही आहे.

गोव्यात मुरगावला हे आणखी गुंतागुंतीचं होतं. झुआरी नदीच्या मुखाशी मुरगावचा उपसागर आहे. मुरगाव बंदर आहे, मुरगाव तालुका आहे आणि मुरगाव नगरपालिकाही आहे. ती नगरपालिका ज्या शहराचा कारभार बघते त्याला सगळे वास्को म्हणतात.

आणि कच्छ. इथे चूक महागात पडते. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, देशातलं पहिलं. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकावरून चालत जाऊन प्रवाळ, समुद्रफुलं, खेकडे बघता येतात. नावात कच्छ वाचून लोक भूजचा बेत आखतात, रणोत्सवाला जोडून हेही बघू म्हणतात. पण हे उद्यान आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला आहे, जामनगर आणि देवभूमी द्वारका जिल्ह्यांच्या बाजूला. चालत जाऊन प्रवाळ बघायचे तर वाडीनारजवळचं नरारा गाठावं लागतं. भूजहून तिथे जायला अख्ख्या आखाताला पूर्वेकडून वळसा घालावा लागतो. आखात कच्छचं म्हणवतं, पण त्याचा एक काठ कच्छचा आणि दुसरा सौराष्ट्राचा. आधी जामनगरचं तिकीट काढा आणि जायच्या दिवशीची ओहोटीची वेळ बघून निघा.

आता ज्या ठिकाणी पाणी उरलंच नाही तिथे जाऊ. अमेरिकेत बॉस्टन शहरातही एक बॅक बे आहे. चार्ल्स नदीच्या मुखाजवळची ही भरती-ओहोटीची पाणथळ जागा. १८२१ साली गिरणीसाठी तिच्यावर बांध पुरा झाला, पाणी अडलं, सांडपाणी साचून दुर्गंधी सुटली. १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून नीडहॅम गावाजवळची खडी रेल्वेच्या वाघिणींतून रात्रंदिवस आणून ती भरून काढली. पंचवीसेक वर्षं हे काम चाललं. आज बॅक बे म्हणजे बॉस्टनचा एक श्रीमंत, देखणा भाग. बॅक बे स्टेशन आहे, पण उपसागर नाही. तरी पाण्याचा हिशेब मिटलेला नाही. तिथल्या जुन्या इमारती लाकडी खांबांवर उभ्या आहेत. १८७७ सालचं ट्रिनिटी चर्च अशा सुमारे साडेचार हजार खांबांवर आहे. हे खांब पाण्याखाली बुडालेले असतील तोवर टिकतात. जमिनीखालची पाण्याची पातळी उतरली, त्यांना हवा लागली की ते कुजतात. म्हणून तिथे भूजलाची पातळी सतत मोजली जाते. बॅक बे हे एका वस्तीचंच नाव मानणाऱ्या घरमालकालाही पायाखालच्या उपसागराची चौकशी करावीच लागते.

हाँगकाँगचा कॉजवे बे तसाच. दुकानांनी गजबजलेला भाग म्हणून तो जगभर माहीत आहे. पूर्वीच्या उपसागराचा, वादळात होड्या आसऱ्याला येत त्या पाण्याचा भाग भरून त्यावर १९५७ साली व्हिक्टोरिया पार्क सुरू झालं आणि होड्यांचा आसरा उत्तरेला सरकला. दर्यावर्दी लोकांच्या तिन हाऊ देवीचं देऊळ एकेकाळी किनाऱ्याला होतं, ते आता शहराच्या आत आहे.

मराठी घरांत सगळ्यांत जास्त ऐकू येणारा उपसागर मात्र वेगळाच: ‘मुलगी बे एरियात असते.’ बे एरिया म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या नऊ काउंट्या. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नावातही बे एरिया आहे. या पट्ट्यातल्या नापा खोऱ्यात द्राक्षमळे आहेत, डोंगर आहेत, आणि पाण्यापासून तासाभराच्या अंतरावर राहणाराही बे एरियातच राहतो. पण तिथे एक गोष्ट फार चांगली झाली आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे जास्त बोललं जावं असं मला मनापासून वाटतं. १९६० च्या सुमारास या उपसागराच्या काठचं प्रत्येक शहर आपापल्या वाट्याचं पाणी भरत सुटलं होतं. १९६१ साली बर्कलीतल्या तीन महिलांनी, के कर, सिल्व्हिया मॅक्लॉक्लिन आणि एस्थर गुलिक यांनी, त्याविरुद्ध चळवळ सुरू केली. १९६५ साली राज्यानं उपसागरासाठी वेगळा आयोग नेमला. त्याचा अधिकार पाण्यावर आणि किनाऱ्यापासून शंभर फुटांच्या पट्टीवर. भराव घालायचा तर काठच्या शहराची परवानगी पुरत नाही, या आयोगाचीही लागते. नऊ काउंट्यांमधल्या शहरांची प्रादेशिक संघटना निराळी आहे. भागासाठी एक संस्था, पाण्यासाठी दुसरी. नाव एकच असलं तरी दोन गोष्टींची जबाबदारी दोघांकडे.

आपल्या बॅक बेचं काय? त्याच्या दक्षिण काठाला पालिकेचा ए विभाग, उत्तरेला डी विभाग. विधानसभेचे मतदारसंघ कुलाबा आणि मलबार हिल. किनाऱ्यावरच्या बांधकामाला १९९१ पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, पण ते देशभरच्या किनाऱ्याचे. बॅक बे या एका पाण्यासाठी वेगळं कार्यालय नाही. जमिनीला पत्ता आहे, नगरसेवक आहे, तक्रार नोंदवायला खिडकी आहे. म्हणून पाण्याचं नाव जमिनीवर गेलं की मला काळजी वाटते. ‘बॅकबेचा विकास’ या शब्दांत बॅक बेचं आकुंचन सहज लपून जातं, आणि आठ ब्लॉकांच्या इतिहासात नेमकं तेच झालेलं आहे.

ज्यांचं पोट पाण्यावर आहे त्यांची मात्र अशी गफलत होत नाही. मुंबईच्या किनारा रस्त्याच्या, म्हणजे कोस्टल रोडच्या, वेळी वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी जो लढा दिला तो याच फरकाचा होता. रस्ता सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. नकाशावर ते पुरेसं दिसत होतं. क्लीव्हलँड बंदरातून बोटी काढणाऱ्यांचं म्हणणं होतं की वारं आणि लाट बोटीला बाजूला ढकलतात, समोरून दुसरी बोट येते, आणि पावसाळी समुद्रात एवढ्या फटीतून बोट नेणं जिवावरचं आहे. त्यांनी काम अडवून धरलं. २०२२ च्या अखेरीस सरकारनं ते अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. वरळी नावाच्या भागाचे नकाशे सगळ्यांकडे होते. वरळीच्या पाण्यात बोट कशी चालते हे कोळीवाड्याला माहीत होतं, आणि ते ऐकून घ्यायला सरकारला वेळ लागला.